मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातलं एक शिलाई केंद्र: साडेपाचशेचा शर्ट आणि त्याच्यासोबत मिळणारा पगाराचा कागद

केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. नऊ जणींचं छोटं युनिट आहे, त्यामुळे आणखी फोन नकोत असं त्यांनीच सांगितलंय. मालवण-वेंगुर्ला रस्त्याकडेच्या हॉटेलांत आणि होमस्टेत गणवेशाचे अर्ध्या बाहीचे सुती शर्ट घातलेली मुलं दिसतात. त्यातले बरेच शर्ट इथलेच असतात. सुट्टा शर्ट केंद्रावर ५५० रुपयांना मिळतो आणि मालवणच्या बाजारात एका दुकानात तोच ८९० ला आहे.

शर्टाच्या खिशात घडी केलेला एक कागद असतो. त्यावर शर्टाचा पूर्ण हिशेब आणि शिवणाऱ्या बाईचा महिन्याचा पगार छापलेला असतो: १७,१०० रुपये. केंद्र याला निर्वाह वेतन म्हणतं, म्हणजे कुटुंबाला नीट जगता येईल एवढा पगार. हा आकडा खरा आहे का, कसा काढलाय, सगळ्या जणींपर्यंत पोचतो का आणि शर्ट तेवढा चांगला आहे का, एवढंच या परीक्षणात पाहिलंय.

आधी शर्ट. कापड इचलकरंजीचं सुती पॉपलिन, पन्हा ५८ इंच. मध्यम मापाला दीड मीटर लागतं. टाका इंचाला अकरा-बारा, म्हणजे रोजच्या वापराच्या शर्टाला योग्य. बाजूची शिवण आधी साध्या मशीनवर मारून मग ओव्हरलॉक केली आहे. मोठ्या कारखान्यात असते तशी दुमडून मारलेली दुहेरी शिवण नाही, पण एक सेंटिमीटर माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडलेली असल्यामुळे काखेत उसवत नाही. खिशाच्या दोन्ही तोंडांना बारटॅक, म्हणजे मशीनने मारलेली दाट टाक्यांची मजबुती, नाही. तिथे मागे-पुढे टाके मारून भागवलंय. वेटर खिशात पेन आणि बिलबुक कोंबतो तेव्हा पहिला ताण तिथेच येतो, म्हणून गणवेशाची ऑर्डर देताना खिशाच्या कोपऱ्यांवर छोटा त्रिकोण मारून मागा. एका खिशाला मिनिटसुद्धा लागत नाही.

खांदापट्टीजवळ शिवण थोडी चुणते. पॉपलिन घट्ट विणीचं असतं. त्याला ११ नंबरची सुई आणि सैल ताण हवा. इथे १४ ची सुई दिसते, कारण त्याच मशीनवर दुपारी कॅनव्हासच्या पिशव्या शिवल्या जातात आणि सुई बदलायचा कंटाळा होतो. एका सुईची किंमत पाहता हा कंटाळा परवडणारा नाही.

कॉलर हा इथला सगळ्यात कच्चा भाग. बकरम (कॉलर ताठ ठेवणारं आतलं कापड) हातइस्त्रीने चिकटवतात. त्याला सुमारे दीडशे अंश उष्णता, बारा-पंधरा सेकंद आणि सगळीकडे सारखा दाब लागतो. हातइस्त्रीत उष्णता मिळते, दाब सारखा मिळत नाही. त्यामुळे काही धुण्यांनंतर कॉलरच्या टोकाला बुडबुडे येतात. सारख्या दाबाने बकरम चिकटवणारं फ्यूजिंग मशीन घेणं झेपत नसेल तर बकरम न चिकटणारं वापरून शिवणीत धरावं. कॉलर थोडी मऊ बसेल, पण फुगणार नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत मऊ कॉलरच बरी.

आकसण्याचा प्रश्न ऋतूवर आहे. उन्हाळ्यात केंद्र कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापतं, आणि तो शर्ट नंतर जवळपास आकसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कापड वाळतच नाही, ओलसर राहिलं तर बुरशीचे ठिपके पडतात, म्हणून ही पायरी गाळली जाते. मग २९ इंच लांबीचा शर्ट २८ वर येतो. पावसाळ्यात शिवून घेत असाल तर एक माप मोठं सांगा, आणि पांढरा रंग त्या दिवसांत नकोच. खाऱ्या हवेने सुईपट्टी आणि बॉबिनची पेटी गंजते, आणि पांढऱ्या कापडावर पडलेला तांबूस डाग जात नाही. संध्याकाळी मशीन पुसून तेलाचा हात फिरवला आणि सकाळी पहिले चार टाके चिंधीवर मारले की डाग टळतात. केंद्रात हे करतात, पण लाइट गेल्यावर घाईघाईने उठलेल्या दिवशी राहून जातं.

आता कागद.

हिशेबाचा पाया १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ठरवलेले निकष आहेत. कुटुंबात तीन उपभोग एकक धरायचे (नवरा, बायको, दोन मुलं मिळून तीन), दर एककाला रोज २,७०० उष्मांकांचं अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती-किरकोळ यासाठी एकूण रकमेच्या २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने पुढे रेप्टाकोस ब्रेट या कंपनीच्या खटल्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. शिलाई केंद्राने हे सगळं इथल्या भावांत बसवलंय. अन्नाला एका एककामागे रोज ९० रुपये, म्हणजे महिन्याला ८,१००. यात आठवड्यातून तीन दिवस मासे आणि उरलेले दिवस डाळ, कुळथाची पिठी, भाजी धरली आहे. ७२ यार्ड म्हणजे साधारण ६६ मीटर कापड, १५० रुपये मीटरने महिन्याला ८२५. घर बहुतेकींचं स्वतःचं, म्हणून भाड्याऐवजी पावसाआधीची डागडुजी, कौलं, घरपट्टी, पाणीपट्टी मिळून २,०००. बेरीज १०,९२५. त्यावर एकूण रकमेच्या २० टक्क्यांचा हिस्सा धरून (म्हणजे १०,९२५ हे ८० टक्के) १३,६५६ आणि त्यावर २५ टक्के चढवून १७,०७०. तेच पुढे १७,१०० केलेत.

इथे एक खाच आहे. न्यायालयाचे शब्द २५ टक्के 'एकूण किमान वेतनाचे' असे आहेत. ते वर चढवायचे की अंतिम रकमेचा हिस्सा धरायचा, यावरून दोन उत्तरं निघतात. हिस्सा धरला तर १०,९२५ ही रक्कम एकूण वेतनाच्या ५५ टक्के होते आणि आकडा १९,८६४ वर जातो. केंद्राने सौम्य वाचन घेतलंय. कागदावर तसं लिहिलेलं नाही, लिहायला हवं. आशिया फ्लोअर वेज अलायन्स हे आशियातल्या कामगार संघटनांचं जाळंही तीन एककच धरतं, पण उष्मांक ३,००० घेतं, कारण दिवसभर पायडलवर पाय आणि कापडावर वाकलेली मान हे बैठं काम वाटलं तरी हलकं नसतं. त्या मापाने अन्नाचा आकडा आणखी वाढेल.

प्रवास किरकोळीत घुसवलाय, ते पटत नाही. कोकणातली वाडी वाडीपासून लांब. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून निभावतं, पण संध्याकाळची गाडी चुकली की रिक्षाला एका दिवसात आठवड्याचं तिकीट जातं. गॅस, वीज, मोबाइल आणि प्रवास हे सगळं २,७३१ रुपयांत बसवणं म्हणजे ओढाताण आहे.

तरी आकड्याची सगळ्यात चांगली बाजू ही की तो २६ दिवस, रोज आठ तासांचा आहे. जादा कामाचे पैसे त्यात मिसळलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ मध्ये निर्वाह वेतनाची जी व्याख्या मान्य केली तिचाही गाभा हाच: कामगार आणि त्याच्या कुटुंबाला नीट जगता येईल एवढं वेतन, आणि तेही नेहमीच्या कामाच्या तासांत. 'आमच्याकडे बाई वीस हजार नेते' असं कोणी सांगितलं की किती तासांत नेते, हे पहिलं विचारायचं. बारा तासांत नेत असेल तर तो आठ तासांचा कमी पगार आहे, वर थकवा.

पगाराला मिनिटांनी भागलं की शर्टाचा हिशेब सुरू होतो. २६ दिवस गुणिले ४८० मिनिटं म्हणजे १२,४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला १ रुपया ३७ पैसे. कागदाप्रमाणे एका शर्टाला कापणी ६ मिनिटं, शिलाई ४४, काज-बटण ५, आणि धागे कापणं, तपासणी, इस्त्री, घडी मिळून ११, अशी ६६ मिनिटं लागतात. त्याचे ९० रुपये, त्यावर रजा आणि सणाच्या सुट्ट्यांसाठी १० टक्के, मजुरी झाली ९९. कापड २५५, बकरम-बटण-दोरा-लेबल २८, भाडं-वीज-मशीनदुरुस्ती-वाहतूक ६०, खराब निघणाऱ्या मालासाठी १३. एकूण ४५५. केंद्राची शिल्लक १५ टक्के म्हणजे ६८, मग ५ टक्के जीएसटी, आणि ५५०.

४४ मिनिटं शिलाई जास्त वाटेल. मोठ्या कारखान्यात असा शर्ट प्रमाण मिनिटांच्या हिशेबाने वीसेक मिनिटांत बसतो, पण ती मिनिटं शंभर टक्के कार्यक्षमतेची असतात. प्रत्यक्षात भारतातले बरेच कारखाने पन्नास टक्क्यांच्या आसपास चालतात, म्हणजे चाळीस मिनिटं. इथे एकच बाई कॉलर, बाही आणि खांदा सगळं करते. हात बदलण्यात वेळ जातो, तरी ४४ म्हणजे काम बरं चाललंय. वेळ वाचवायचाच असेल तर कॉलर आणि खिसा एकीकडे, जोडणी दुसरीकडे अशी विभागणी करावी. मशीनला जुन्या क्लच मोटरी आहेत. त्या चालू असेपर्यंत सतत फिरत राहतात आणि वीज खातात. सर्व्हो मोटर पायडल दाबल्यावरच वीज घेते आणि इन्व्हर्टरवरही चालते. पावसाळ्यात तारेवर फांदी पडून दुपारभर लाइट नसते, तेव्हा नऊ जणी बसून असतात आणि ती मिनिटं कोणत्याच शर्टावर चढत नाहीत. आमच्या मते केंद्राचा पहिला खर्च फ्यूजिंग मशीन नव्हे, सर्व्हो मोटरीच असाव्यात.

कागद खरा ठरतो की नाही, हे आम्ही बटणावरून तपासलं. शर्टाला सात बटणं. काज केंद्रातल्या झिगझॅग मशीनवर होतात, बटणं मात्र गावातल्या दोन वयस्कर बायका घरी बसून हाताने लावतात. कागदावर काज-बटणाला धरलेली पाच मिनिटं मशीनची आहेत. हाताने सात बटणं लावून, बुडख्याशी दोरा गुंडाळून गाठ मारायला तेरा मिनिटं लागतात. त्यांना शर्टामागे ७ रुपये मिळतात, म्हणजे मिनिटाला ५४ पैसे. याच दराने महिनाभर आठ-आठ तास बटणं लावली तरी हातात ६,७०० च्या आसपास येतील. वर रजेचे १० टक्केही त्यांच्या वाट्याला नाहीत.

म्हणजे '१७,१००' हा आकडा केंद्राच्या उंबऱ्याच्या आत खरा आहे, बाहेर नाही. यात फसवणुकीचा हेतू नाही. मशीनची मिनिटं हाताच्या कामाला लावली, एवढंच. पण जगभरच्या कपड्यांच्या साखळीत पगार असाच गळतो. मुख्य कारखान्यात तपासनीस येतो, पगारपत्रक बघतो, आणि भरतकाम, टिकल्या, धागे कापणं, बटणं हे सगळं बाहेर गेलेलं असतं, जिथे पत्रकच नसतं. इथे दुरुस्ती सोपी आहे. तेरा मिनिटांचे १७ रुपये ८० पैसे द्यावेत. सातऐवजी अठरा म्हणजे शर्टामागे अकरा रुपये वाढतील. ५५० चा शर्ट ५६५ च्या आत राहील. हॉटेलवाल्यांनी ऑर्डर देताना हे मागावं. चाळीस शर्टांच्या ऑर्डरीत सहाशे रुपयांच्या आतला प्रश्न आहे.

किंमत जास्त आहे, ही तक्रार ऐकू येते. तालुक्यात शिवणकामाला दहा हजारांच्या आसपास पगार चालतो. त्या पगाराने याच शर्टाची मजुरी ५८ झाली असती. म्हणजे नीट पगार देण्याची किंमत शर्टामागे ४१ रुपये आहे, जास्त नाही. पण ते ४१ मालवणच्या दुकानापर्यंत पोचता पोचता ८० होतात, कारण केंद्राची शिल्लक, जीएसटी आणि दुकानाचं कमिशन सगळं टक्क्यांत चढतं. मजुरीचा वाढीव रुपया टक्केवारीतून वेगळा काढून सरळ पुढे द्यावा, हे मोठ्या साखळीतही सांगितलं जातं आणि तिथेही क्वचितच होतं. शिवणारीला एक रुपया वाढवला तर ग्राहकाकडून दोन घ्यायचे आणि मग 'नीट पगार परवडत नाही' म्हणायचं, ही जुनी रीत आहे. दुकानदाराने ८९० ऐवजी ८५० ला विकावा, त्याचं काही बिघडणार नाही.

तुलनेला जगाच्या बाजारातला टी-शर्ट घेऊ. क्लीन क्लोद्स कॅम्पेन या कपडे कामगारांसाठी झगडणाऱ्या संघटनांच्या जाळ्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे: युरोपात २९ युरोला विकला जाणारा, बांगलादेशात शिवलेला टी-शर्ट. त्यातले १७ युरो दुकानाकडे जातात, साडेतीनच्या वर ब्रँडचा नफा, आणि शिवणाऱ्यांच्या वाट्याला येतात १८ सेंट, म्हणजे ०.६ टक्के. आपल्या केंद्राच्या शर्टात मजुरी केंद्रावरच्या किमतीच्या १८ टक्के आहे, मालवणच्या दुकानातल्या किमतीच्या ११ टक्के. हे दोन आकडे अगदी शेजारी ठेवता येत नाहीत, कारण टी-शर्टाला मिनिटं कमी लागतात आणि तिथे हजारोंचं उत्पादन आहे. तरी पगार दुप्पट केला तर २९ युरोच्या टी-शर्टाला आणखी १८ सेंटच लागतील, हे गणित कोणालाही करता येतं. बांगलादेशात कपडे कामगारांचं किमान वेतन २०१३ मध्ये ५,३०० टका झालं, राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत कोसळून १,१०० हून जास्त माणसं गेली त्याच वर्षी. पुढे ८,००० आणि डिसेंबर २०२३ मध्ये १२,५०० झालं. संघटनांची मागणी २३,००० आणि त्याहून वरची होती. राणा प्लाझातल्या काही कारखान्यांची सामाजिक तपासणी आधी झालेली होती, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

कुडाळ-रत्नागिरीच्या मोठ्या दुकानांत आता कपड्यांवर नाना तऱ्हेचे शिक्के दिसतात. त्यातले बहुतेक शिवणारीबद्दल काहीच सांगत नाहीत. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० हा शिक्का कापडात घातक रसायनं नाहीत एवढंच सांगतो. बेटर कॉटन आणि फेअरट्रेड कॉटन हे कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याबद्दल आहेत, शिलाईच्या खोलीत काय चालतं त्याच्याशी त्यांचा संबंध नाही. फेअरट्रेडचं २०१६ चं टेक्सटाइल मानक वेगळं आहे. ते पूर्ण साखळीला लागू होतं आणि ठरलेल्या मुदतीत निर्वाह वेतनापर्यंत पोचायला सांगतं, पण तो शिक्का असलेला कपडा आपल्याकडच्या दुकानात शोधूनही सापडणं कठीण. जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकात सेंद्रिय धाग्याबरोबर कामगारांच्या अटी आहेत, आणि नव्या आवृत्तीत कारखान्याने चालू पगार आणि निर्वाह वेतन यांच्यातली दरी मोजायची आहे. या सगळ्यांपुढे आपल्या केंद्राचा खिशातला कागद साधा आहे, त्याच्यावर कोणाचा शिक्का नाही. पण त्यातला प्रत्येक आकडा ग्राहकाला बोट ठेवून विचारता येतो. मोठ्या ब्रँडांकडे हीच मिनिटं नोंदलेली असतात, कारण त्याच मिनिटांवर ते कारखान्याशी भाव करतात. ती फक्त ग्राहकाला दाखवत नाहीत. फेअर वेअर ही युरोपातली संस्था मिनिटांवरून मजुरी वेगळी काढायची पद्धत शिकवते. केंद्राने हिशेब त्याच तऱ्हेने मांडलाय.

शाळेच्या गणवेशाशीही तुलना करून पाहावी. २०२४-२५ साली राज्य सरकारने गणवेशाची शिलाई बचत गटांकडे दिली, तेव्हा एका गणवेशाला शिलाईचे १०० आणि वरखर्चाचे १० रुपये ठरले होते. केंद्राच्या मिनिटांनी एका मोठ्या शर्टाचीच मजुरी ९९ होते. मुलांचं माप लहान, कापणी वगळली, हे सगळं धरलं तरी चड्डी किंवा स्कर्टसकट शंभरात कोणाचंही निर्वाह वेतन बसत नाही. गटांनी तेव्हा कुरकुर केली, ती कामचुकारपणाची नव्हती.

केंद्राची खरी कसोटी मात्र ऑर्डरींच्या भरती-ओहोटीत लागते. पगार महिन्याचा ठरलेला आहे, नगावर नाही. नऊ जणींचे महिन्याला १,५३,९०० रुपये. एका शर्टातून, बटणांचे बाहेर गेलेले वजा केले तर पगारासाठी ८३ रुपयांच्या आसपास मिळतात. म्हणजे पगार पूर्ण निघायला महिन्याला १,८००-१,८५० शर्ट हवेत, आणि नऊ जणींची कमाल क्षमताही तेवढीच आहे. ऑर्डर हजारावर आली की तूट ७० हजारांची होते आणि त्या हजार शर्टांची शिल्लक ६८ हजार. म्हणजे नफा पुसून गेला, भाडं-वीज धरलं नाही तरी. हजाराच्या खाली गेलं की मागच्या महिन्यांच्या गंगाजळीतून पगार द्यायचा. मे-जूनला शाळा, दिवाळीआधी हॉटेलं, हे महिने भरलेले. जुलै-ऑगस्ट ओस. त्यात घाटात दरड कोसळली की इचलकरंजीचं कापड आठवडाभर अडकतं, आणि गणपतीत चाकरमानी आले की अर्ध्या जणी रजेवर, मागितली नाही तरी द्यावीच लागते. या महिन्यांत केंद्र कॅनव्हासच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवून ठेवतं, जे पुढे पर्यटकांना विकतात. हे शहाणपणाचं आहे, पण पिशव्यांत भांडवल अडकतं.

म्हणून पगार टिकवायचा असेल तर ग्राहकाने काय करावं, हे ऑर्डर देणाऱ्यांसाठी सांगतो. हॉटेलचे गणवेश ऑक्टोबरच्या तोंडावर मागण्याऐवजी जूनमध्येच मापं देऊन जुलै-ऑगस्टमध्ये शिवून घ्या. केंद्र त्या दिवसांत कापडाचे पैसे आगाऊ दिले तर ५ टक्के कमी करतं. रंग गडद निवडा. कापणी झाल्यावर बदल सांगू नका. कापलेला शर्ट लहानाचा मोठा होत नाही आणि नुकसान मजुरीच्या मिनिटांवर बसतं. मापं घेताना छातीच्या मापात चार इंच सैल धरा, कारण ट्रे उचलणाऱ्याचा हात वर जातो आणि घट्ट शर्ट काखेत फाटतो. माणशी तीन शर्ट घ्या. दोन घेतले तर रोज धुऊन ओलाच घातला जातो आणि कॉलर लवकर जाते.

पैसे वेळेवर द्या. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने बंधनकारक आहे. आता आयकरातही अशी थकलेली रक्कम देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही. मोठी रिसॉर्ट तीन-तीन महिने बिल लटकवतात, ते कायद्यात बसत नाही. केंद्राने बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापावा, आत्ता तो तळाला बारीक अक्षरात आहे.

केंद्राकडून आणखी दोन गोष्टी हव्यात. कागदावर भावांची तारीख नाही. नारळ, तांदूळ आणि बांगडा वर्षभरात कुठल्या कुठे जातात, म्हणून अन्नाचा आकडा निदान सहा महिन्यांनी नव्याने काढावा आणि तारीख छापावी. आणि वीसपेक्षा कमी माणसं असल्यामुळे पीएफ बंधनकारक नाही, म्हणून म्हातारपणाचे पैसे सगळे हातात दिले जातात. ते घरखर्चात विरतात. स्वेच्छेने पीएफ घेता येतो, नऊ जणींच्या युनिटलाही.

शर्ट ५५० ला घ्यावा, ८९० ला नको. गणवेशासाठी हे केंद्र चांगलं आहे. लग्नाकार्याच्या कडक कॉलरच्या शर्टासाठी कुडाळातला शिंपीच बरा. ऑर्डर द्यायला सोमवार ते शनिवार सकाळी दहानंतर जा, कापणीवाली त्याच वेळी मोकळी असते. कापड स्वतःचं नेलं तर ते धुऊन, वाळवून न्या आणि १.६ मीटर न्या, दीडमध्ये चौकटीचं कापड जुळत नाही.